इनासबाबांची रिकामी चिठ्ठी

इनासबाब बोट वर करायचे. उजव्या हाताचं पहिलं बोट, छातीच्या उंचीपर्यंत, त्याहून वर नाही. एक बोट म्हणजे एक चूक सापडली. दोन सापडल्या तर दोन बोटं. तोंडाने काही नाही. पाळी गावच्या लोहखनिजाच्या खाणीच्या ऑफिसात ज्यांनी ज्यांनी त्यांच्यासमोर कागद ठेवला, त्या सगळ्यांना ही बोटं माहीत होती. मॅनेजरसुद्धा आपलं पत्र त्यांच्याकडे वाचायला पाठवायचा आणि दाराआडून त्यांच्या हाताकडे बघत राहायचा. चार बोटं वर झालेली मी एकदाच पाहिली. ती माझ्यासाठी होती.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि त्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते. माझे वडील, आबा, डिचोलीच्या बाजारात एका छोट्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. विलीनीकरणाची, कुळांची, बस भाड्याची, शाळांची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती "बंधुभगिनींनो" या शब्दावर. त्यामुळे लिहायचं ते कोणाच्या तरी विरुद्ध, असं मला लहानपणापासून वाटत आलं. राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा मराठीच्या बाजूची आमच्या भागातली अर्धी पत्रकं माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की हिने लपवलं.

इनासबाब खाणीच्या नमुनाघरात होते. खणून काढलेल्या प्रत्येक ढिगातून थोडी थोडी माती घ्यायची, ती दळायची, पिशवीत भरायची आणि पिशवीला गुलाबी चिठ्ठी बांधायची: ढीग कुठला, दर्जा कुठला. दळायचं काम गडहिंग्लजचा मारुती करायचा, चिठ्ठीचं काम इनासबाब. वय पन्नाशीच्या पुढे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, जो दुपारपर्यंत त्या भागातल्या सगळ्या कपड्यांसारखा लाल व्हायचा. मूळ गाव हरमल. तरुणपणी पाद्री व्हायला गेले होते, सात वर्षं शिकले आणि परत आले. का परत आले याच्या ऑफिसात तीन कहाण्या होत्या. एकीत बाई होती, एकीत छातीचं दुखणं, एकीत भांडण. मी नवीन असल्याने धीट होते. सरळ विचारलं.

"तुम्ही सोडून का आलात?"

"हांव सोडून आयलोंच ना," ते म्हणाले. "हांव अजून तेंच करतां."

ते कोंकणीत बोलायचे, मी मराठीत, आणि दोघांनाही कधी दुभाषा लागला नाही. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. लक्षात आली असती तर काही पत्रकं मी वेगळी लिहिली असती.

"तेंच" म्हणजे काय, ते मला पहिल्यांदा कळलं ते एका चुकीतून. त्यांनी मला एक पान टाइप करायला दिलं. इंग्रजी, हाताने लिहिलेलं, नमुनाघराच्या जुन्या वहीतून फाडलेलं. दोन भावांची हकीकत होती. एकाने दुसऱ्याला फसवलेलं, वर्षानुवर्षांनी तो परत येतोय, भाऊ मारील म्हणून घाबरलाय, आणि त्याचा राग शांत करायला बकऱ्या, उंट, गाई पुढे पाठवतोय. मजकूर मला आवडला. पण इंग्रजी कसलं ते! एका वाक्यात चार वेळा "फेस". त्याचा चेहरा शांत करीन, माझ्या चेहऱ्यापुढे जाणाऱ्या भेटीने, मग त्याचा चेहरा बघेन, कदाचित तो माझा चेहरा उचलील. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरणं हे गरिबीचं लक्षण. मी म्हाताऱ्यावर उपकार केले. एक चेहरा ठेवला, एकाच्या जागी "राग" केला, एकाच्या जागी "पुढे", चौथा गाळूनच टाकला. पान सुंदर झालं. मी ते नेऊन दिलं आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

त्यांनी वाचलं. वाचायची पद्धतही त्यांची वेगळी होती. शेवटच्या ओळीपासून सुरुवात करून वर जायचे, म्हणजे अर्थाच्या नादाने डोळा फसत नाही म्हणे. एक बोट वर झालं. मग दुसरं. मग तिसरं. मारुतीने दळण थांबवलं.

"एक तर मी ठेवलाय," मी म्हणाले.

"तो चुकीच्या जाग्यार आसा," ते म्हणाले, आणि चौथं बोट वर केलं.

मला राग आला. माझ्या लिहिण्यात चुका काढायची सवय लोकांना नव्हती, कारण आमच्या बाजूचे लोक माझं वाचून टाळ्या वाजवायचे आणि दुसऱ्या बाजूचे वाचायचेच नाहीत. मी म्हणाले, "इनासबाब, एकच शब्द चारदा कोण लिहितं?"

"जाणें बरयलां, ताणें." ज्याने लिहिलंय, त्याने. मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं. "बस गो बाये. आयक. हो मनीस भावाक मेळटा. मेळटकच ताका म्हणटा, तुजें तोंड पळयलें, म्हणजे देवाचें तोंड पळयल्या भशेन. कळ्ळें? चार तोंडां तुवें पुसून उडयलीं. आतां हें पांचवें कशें दिसतलें?"

मी पान परत घेतलं. ज्या चेहऱ्याची भीती, ज्या चेहऱ्याला लाच, तोच चेहरा शेवटी देवाचा दिसतो. चार वेळा तो शब्द नुसता पडलेला नव्हता, तो वाट बघत होता. मी पुन्हा टाइप केलं. चार वेळा फेस. या वेळी पान कुरूप दिसलं आणि मला ते टाइपरायटरमधून काढवेना.

मग त्यांनी मला चिठ्ठ्या दाखवल्या. नमुन्याच्या पिशवीला बांधायच्या त्याच गुलाबी चिठ्ठ्या, पण जुन्या, मागची बाजू कोरी असलेल्या. त्या कोऱ्या बाजूवर उजवीकडे एक हिब्रू शब्द, डावीकडे एक इंग्रजी. तारेत ओवलेल्या, तारा खिळ्यांना अडकवलेल्या, नमुनाघराच्या मागच्या भिंतीला मिरच्या वाळत घालाव्या तशा. वीस-बावीस वर्षांचं काम: पवित्र पुस्तक मूळ हिब्रूतून इंग्रजीत आणायचं. नियम एकच: थंयचें एक उतर, हांगाचें एक उतर. हिब्रूत जिथे जिथे हा शब्द, तिथे तिथे इंग्रजीत हाच. आणि तो इंग्रजी शब्द दुसऱ्या कुठल्या हिब्रू शब्दाला द्यायचा नाही. मग इंग्रजी लंगडं झालं तरी चालेल.

"कशाला पण?" मी विचारलं. मला खरोखरच कळत नव्हतं. "छापून कित्येक भाषांतरं आहेत ना?"

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. पोदेर सायकलवरून आला होता, मागे पावाची टोपली. "ती टोपली," ते म्हणाले. "जगबुडी जाली तेन्ना एक म्हातारो आपलें कुटुंब घेवन लाकडाच्या कितें तरी भितर बसलो. म्हणजे जहाज न्हय, शीड ना, वल्हें ना. आनी मागीर खूब वर्सांनी एक आवय आपलें तान्हें भुरगें लव्हाळ्याच्या कितें तरी भितर घालता आनी न्हंयेंत सोडटा. हिब्रूंत दोगांकय एकच उतर. सगळ्या पवित्र पुस्तकांत तें उतर ह्या दोन जाग्यांर सोडून खंय ना. इंग्लेज कितें करता? एकाक तारूं म्हणटा, एकाक टोपली. सोंपलें. त्या तान्ह्या भुरग्याक कोण राखता, तें कोणाकच कळना."

मी पोदेराच्या टोपलीकडे बघत राहिले. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं, कारण आम्हीही शब्द परत परत आणतो. पण आम्ही तो हातोड्यासारखा आणतो. इथे तो धाग्यासारखा होता.

त्यांची ही सवय कागदापुरती नव्हती. ऑफिसात प्रत्येक पुरुषाला ते "बाब" म्हणायचे. मॅनेजर बाब, मारुतीबाब, झाडू मारणारा फटूबाब. मॅनेजरला ते खटकायचं. त्याने एकदा म्हटलं, "इनास, मला निदान सर म्हण." इनासबाबांनी विचार केला, खरंच केला, कपाळाला आठ्या घालून, आणि म्हणाले, "जाता. पूण मागीर फटूकय सर म्हणचें पडटलें." विषय तिथेच संपला. ते सकाळी एक उंडो आणायचे, त्याचे चार तुकडे करायचे, चौथा कायम मारुतीचा. तो कामावर नसला तर चौथा तुकडा तसाच राहायचा. मी एकदा खायला गेले तर म्हणाले, "तो मारुतीबाबाचो," जसं काही त्या पावावर नाव होतं.

याच हट्टापायी त्यांचं नमुनाघर गेलं. एक ढीग होता, हलका. खाणीच्या वहीत हलका म्हणून लिहिलेला. बोटीवर पाठवायच्या कागदात मात्र तो चांगल्या दर्जाचा दाखवायचा, असं वरून आलं. इनासबाब ओरडले नाहीत, तक्रार केली नाही. गुलाबी चिठ्ठी हातात घेऊन म्हणाले, "ढीग एक, नांव एक," आणि ती चिठ्ठी मॅनेजरच्या टेबलावर कोरी ठेवली. आठवड्याने त्यांना मोडक्या सामानाच्या शेडमध्ये बसवलं. मी भडकले. म्हटलं, आपण पत्रक काढू, आजच्या आज. ते म्हणाले, "तूं पत्रक काडटलें. तातूंत ढिगाक दहा नांवां आसतलीं." त्यांनी भिंतीवरच्या सगळ्या तारा स्वतः उचलून शेडमध्ये नेल्या. मारुती पाठोपाठ खिळे ठोकत गेला.

त्या तारांत नसलेली एक चिठ्ठी होती. ती पहिल्यापासून एकटीच, खिडकीजवळच्या वेगळ्या खिळ्याला. उजवीकडे हिब्रू शब्द, डावीकडे काही नाही. शेडमध्येही ती खिडकीजवळच गेली. मारुती येता-जाता तिला हात लावून विचारायचा, "काय इनासबाब, ह्या पोरीला अजून स्थळ न्हाई गावलं व्हय? बाकीच्या समद्या नांदाय गेल्या की."

"ताका इंग्लेजींत उतर ना," इनासबाब म्हणायचे.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "उत्तर नाही?"

"उतर. शब्द." मग थोडं हसले. "जावं दी. तेंय खरें."

तो शब्द होता दाबार. त्याचा अर्थ "शब्द" असं कुठलाही कोश सांगेल. देवाचा दाबार संदेष्ट्याकडे येतो, तिथे तो शब्द. पण "या दाबारांनंतर असं असं घडलं" असंही येतं, तिथे तो शब्द नाही, घडलेल्या घटना आहेत. राजाच्या दाबारासाठी कोणी धावतो, तिथे ते काम आहे. राजांची एक बखर आहे, तिचं नावच दिवसांचे दाबार. आणि "एकही दाबार उरला नाही" म्हणजे एकही वस्तू उरली नाही. हजाराच्या वर जागा. इंग्रजीत वर्ड लिहिलं तर अर्ध्या जागा खोट्या, थिंग लिहिलं तर देवाच्या तोंडून वस्तू बाहेर पडते. त्यांचा नियम त्या एका चिठ्ठीवर येऊन अडकला होता. हा एक शब्द दोन इंग्रजी शब्दांत फोडला, तर बाकीच्या सगळ्या तारा कशासाठी? मग तो नियम नाही, हौस. आणि हौसेसाठी त्यांनी बावीस वर्षं दिली नव्हती. "हिका मेळ्ळें ना जाल्यार," ते एकदा शांतपणे म्हणाले, "सगळ्यो चिठयो पाणी तापोवपाक." मारुतीने त्या दिवशी थट्टा केली नाही.

तो शब्द मला कंपनीच्या बसमध्येही दुसरं काही सुचू देईना. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी पळतच शेडमध्ये गेले.

"मराठीत आहे!" मी म्हणाले. "गोष्ट! 'मला एक गोष्ट सांग', म्हणजे शब्द. 'ती गोष्ट घडली', म्हणजे घटना. 'घरात एक गोष्ट उरली नाही', म्हणजे वस्तू. बसतं की नाही सगळीकडे?"

खरं सांगायचं तर मी जिंकल्याच्या आवाजात बोलत होते. बाहेर आंदोलन चालू होतं, आणि मला वाटलं, घ्या, मराठीच्या बाजूने हिब्रूसुद्धा आली.

इनासबाबांनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत पाच-सहा जागा तपासल्या. "बसता," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी मला विचारलं, "आनी म्हजी आवय हरमलां कितें म्हणटाली, खबर आसा? गजाल. अशी गजाल जाली. म्हाका एक गजाल सांग. रांदचे कुडींत एक गजाल उरूंक ना."

गजाल. आमच्याकडेही म्हणतात, पेडण्यात तर सर्रास.

"तुजी गोष्ट, म्हजी गजाल," ते म्हणाले. "दोगांयकडेन आसा, बाये. इंग्लेजाकडेन ना."

"मग मराठीत करा ना भाषांतर! किंवा कोंकणीत, तुमच्या तुमच्यात," मी म्हणाले. शेवटचे शब्द तोंडातून गेल्यावर कळले.

त्यांनी ते ऐकून सोडून दिलं. "म्हजो सांगात इंग्लेजाकडेन. एक कठीण उतर आयलें म्हूण भास सोडून धांवप, तें कसलें?"

त्या महिन्यात आंदोलन तापलं. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, बस कधी सुटेल सांगता येत नसे. मी रोज एक पत्रक लिहीत होते. एका शनिवारी इनासबाब डिचोलीच्या दवाखान्यात गुडघ्यासाठी आले, आणि परतीची बस बंद झाली. मी त्यांना छापखान्यात आणून बसवलं. आबा माझंच पत्रक जुळवत होते.

"या, बसा इनासबाब," आबा म्हणाले. "हात देत नाही, हातात मॅटर आहे."

इनासबाब बसता बसता थांबले. "कितें आसा?"

"मॅटर. हिचं मॅटर. चार वाजेपर्यंत मशीनवर चढवायचं आहे."

"कागद खंय आसा?"

"कागद तिकडे. हे मॅटर." आबांनी दोऱ्याने बांधलेला जुळवलेला मजकूर गॅलीच्या पत्र्याच्या तबकावरून किंचित उचलून दाखवला. "जुळवायच्या आधी कागदावर असतं तेही मॅटरच म्हणतो आम्ही. पोरगी येते ना, तिला विचारतो, आजचं मॅटर आणलंस? पण खरं मॅटर हे. शिसं."

इनासबाब उठून टेबलाच्या पलीकडे गेले. आबा खिळे आपल्या बाजूने, उलटे, डोकं खाली असलेले वाचायचे; जुळाऱ्यांची तीच रीत. इनासबाब समोर उभे राहिले. तिथून अक्षरं सरळ होती, पण आरशातल्यासारखी, उजवीकडून डावीकडे जाणारी. मराठी ते लहानपणी हरमलला भटजींच्या पडवीतल्या शाळेत शिकले होते. त्यांनी बोट न लावता सरळ वाचायला सुरुवात केली, घडाघडा, एकदाही न अडखळता. आबांनी चष्मा वर केला. तीस वर्षं शिशात गेली होती त्यांची, पण बाहेरच्या माणसाला मॅटर वाचताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

"म्हाका हेच बाजून वाचपाची संवय," इनासबाब म्हणाले. हिब्रू उजवीकडूनच वाचतात. मग म्हणाले, "हांव उखलूं?"

आबांनी गॅली त्यांच्या दोन्ही हातांत दिली. पानभर मजकूर. त्यांचे हात खाली गेले. आयुष्यभर खनिजाच्या पिशव्या उचललेला माणूस, पण हे वजन त्यांना अपेक्षित नव्हतं. ते तसेच उभे राहिले, गॅली पोटाशी धरून, तान्हं मूल धरावं तसे.

"उतरां," ते म्हणाले. "आनी जड."

"जड तर असणारच," आबा म्हणाले. "पायावर पडलं की नख जातं."

"वीस वर्सां हांव म्हणटालों, मॅटर म्हणजे माती, देवाच्या तोंडांतल्यान माती कशी येतली? चिठयेर बरयलें आनी पुसलें. दोनदां पुसलें." ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. "बाये, तुज्या बापायच्या हातांत सदांच आसलें. उतर तेंच, वस्त तीच. मॅटर आयलें. मॅटर जालें. मॅटर उरलें ना. बसता!"

मला इतका आनंद झाला की मी विसरलेच त्यांच्या हातात काय आहे. ते माझं पत्रक होतं. आणि इनासबाब आता ते शेवटच्या ओळीपासून वाचत होते.

एक बोट गॅलीच्या कडेवरून सुटलं. मग दुसरं.

"हांगां 'आमचा मोर्चा'. हांगां 'त्यांचा जमाव'. दोनूय कडेन मनीस रस्त्यार चलता न्हय?"

"चालतात."

"हांगां 'आमची भाषा'. हांगां 'त्यांची बोली'. म्हजी आवय उलयताली ती कितें?"

आबा हात पुसायला लागले. मी म्हणाले, "इनासबाब, हे भाषांतर नाही. हे आंदोलन आहे. इथे शब्द मापून टाकत बसलं तर कोणी वाचणार नाही."

"तो ढीग याद आसा?" ते म्हणाले. "एके वहींत हळको, एके वहींत बरो. तुका राग आयिल्लो. म्हाका बरें दिसलें, तुका राग आयलो म्हूण."

एवढंच. त्यांनी गॅली जपून खाली ठेवली, आबांना "देव बरें करूं" म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसची वाट बघत बसले. आबांनी मला विचारलं, "बदलू?" मी म्हणाले, "नको. चढवा." चार वाजता पत्रक मशीनवर चढलं. जमाव आणि बोली, दोन्हींसकट. ते आंदोलनातलं माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक. मी ते नंतर पुन्हा वाचलेलं नाही.

सोमवारी शेडमध्ये गेले तर खिडकीजवळचा खिळा मोकळा होता. मारुती म्हणाला, "बाई, लगीन लागलं! पोरगी नांदाय गेली. म्या पेढं मागितलं तर म्हाताऱ्यानं अख्खा उंडा दिला." इनासबाब वहीवर वाकलेले होते. हजाराच्या वर जागा, प्रत्येक ठिकाणी मोकळी सोडलेली जागा भरायची होती. त्यांनी मान वर केली नाही, पण स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. मी बसले नाही. मला काम होतं.

पुढे भाषेचा कायदा झाला, राज्य झालं, फटाके वाजले, दोन्ही बाजूंना आपापलं थोडं जिंकल्यासारखं आणि थोडं हरल्यासारखं वाटलं. इनासबाब निवृत्त होऊन हरमलला बहिणीकडे गेले. मी नोकरी सोडली, लिहिणं सोडलं नाही. त्या दिवसांबद्दल एक लांब पत्रक लिहायला घेतलं, चार पानी, मागे वळून बघणारं. मराठीबद्दलचं माझं म्हणणं मी त्यात तसूभरही मागे घेतलं नाही, अजूनही घेत नाही. पण लिहिताना ठरवलं: रस्त्यावर माणसं उतरली की मोर्चा, कोणाचीही असोत. माणसं बोलतात ती भाषा, कोणाचीही असो. ते लिहिणं कठीण गेलं. वाक्यं लंगडी झाली. टाळ्यांच्या जागा निघून गेल्या. आबा जुळवताना एकदाच म्हणाले, "हे मॅटर जड आहे."

प्रती घेऊन मी पेडण्याकडे वाटायला गेले आणि वाटेत हरमलला उतरले. घर समुद्राच्या वाटेवर होतं. शेजारी परदेशी लोकांना खोल्या द्यायचं नुकतंच सुरू झालं होतं, भाड्याच्या मोटारसायकली फाटकाला टेकलेल्या. इनासबाब बाल्कांवमध्ये, दारापुढच्या ओसरीत, बसले होते, गुडघ्यावर टॉवेल. बारीक झाले होते. त्यांनी आधी विचारलं, "मारुतीबाब कसो आसा?" मग बहिणीला चहा सांगितला.

"सगळ्या जागा झाल्या?" मी विचारलं.

"जाल्यो."

"सगळीकडे बसलं?"

"एके कडेन वायट दिसता. खूब वायट. वाचतल्याक हांसूं येतलें." ते समाधानाने म्हणाले. "तशेंच दवरलां."

"छापणार कोण?"

त्यांनी खांदे उडवले. ती त्यांची गजाल नव्हती. आत तारा दिसत होत्या, पलंगाच्या वरच्या भिंतीवर, आणि मला ओळखायला आली नाही त्यांतली कुठली ती एकटी चिठ्ठी. ती आता बाकीच्यांसारखीच होती.

मी त्यांना माझं पत्रक दिलं. पहिला चहा होईपर्यंत त्यांनी ते मांडीवर तसंच ठेवलं, आणि माझी बस वळणावर आली. स्टँड त्यांच्या घरासमोरच. मी धावत जाऊन खिडकीजवळची जागा धरली. ड्रायव्हर उतरून कोणाशी तरी बोलत उभा राहिला, म्हणून मला ते दिसले. त्यांनी चष्मा चढवला होता. पत्रक उलटं करून शेवटचं पान वर घेतलं होतं आणि खालच्या ओळीपासून वाचत वर चालले होते. ओठ हलत होते. ड्रायव्हर चढला. बस हलली. त्यांनी बसकडे बघितलं, मला शोधलं, आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं, छातीच्या उंचीपर्यंत.

मीही हात हलवला. निरोप देताहेत असं मला वाटलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले, आणि मला कळलं तेव्हा माती होऊन गेली होती. म्हणजे ते बोट माझ्यासाठी शेवटचंच.

पण त्या दिवशी बस वळण घेऊन पुढे गेल्यावर मला आठवलं की इनासबाब निरोपाला कधी बोट वर करत नसत. त्यांच्याकडे एका गोष्टीला एकच खूण होती. मी मांडीवरच्या गठ्ठ्यातली एक प्रत काढली आणि शेवटच्या पानावरून, खालून वर, त्यांच्यासारखी वाचत गेले. चौथ्या ओळीत सापडलं. सगळीकडे भाषा लिहिलं होतं, आणि तिथे, एकदाच, सवयीने, बोली.

पेडणे यायला अजून वेळ होता. मी पेनाचं टोपण काढलं आणि गठ्ठ्यातली पहिली प्रत गुडघ्यावर घेतली.